पोट्ट्यांची मोजणी: घर, गाव आणि शिवाराचा नकाशा घरच्या घरी

मुलांकडून नकाशा करून घ्यायचा म्हटलं, की बहुतेक घरांत पहिल्यांदा स्टेशनरीच्या दुकानातून महाराष्ट्राचा कोरा नकाशा येतो. पोरगं त्यात ३६ जिल्हे रंगवतं, शाळेत दाखवतं आणि तो कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडतो. रंगवायला माझी ना नाही. पण ज्या गडचिरोलीला किंवा बुलडाण्याला ते पोरगं कधी गेलं नाही, तिथली हद्द त्यानं बरोबर रंगवली काय आणि चूक रंगवली काय, त्याला कळणार कसं? स्वतःच्या पायांनी तपासता येईल असाच नकाशा पहिला करावा. आधी अंगण, मग गल्ली, मग गाव, आणि मग पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या वाटेनं, शिवार.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणत. सगळी नोकरी दुसऱ्यांचे धुरे, म्हणजे वावरांचे बांध, मोजण्यात गेली. आता हिंगणघाट तालुक्यातल्या गावी असतो. उन्हाळ्यात नातवंडं येतात, त्यांच्यामागे गल्लीतले पोट्टे, म्हणजे पोरंही, छपरीत जमतात, आणि मग हा उद्योग सुरू होतो. खाली लिहिलंय ते साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान असतील तर वरून पाहणं आणि रांगोळी एवढ्यावरच थांबा, बाकीच्यात ती कंटाळतात.

वरून पाहणं

सात वर्षांच्या पोराला घराचा नकाशा काढ म्हटलं, तर ते समोरून घर काढतं. दार, दोन खिडक्या, वर कौलं, शेजारी कडुलिंब. चित्र झकास असतं, पण नकाशात घराचं तोंड दिसत नाही, डोकं दिसतं. हे सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं.

फरशीवर लोटा, पोळपाट, माचिस, चप्पल आणि एखादं पुस्तक मांडा. खडूनं प्रत्येकाच्या भोवती रेघ ओढा आणि वस्तू उचला. आता बाहेरून दुसऱ्या पोराला बोलवा आणि ओळखायला सांगा. चप्पल लगेच ओळखू येते. पुस्तक आणि माचिस लहानमोठ्या आकारावरून कळतात. लोटा आणि पोळपाट मात्र दोन्ही गोल. माझी मोठी नात म्हणाली, "आबाजी, यात काहीतरी लिहा लागते, नाही तं समजत नाही." तिनं लोट्याच्या गोलात पाण्याचा थेंब काढला. नकाशाला खुणांची सूची कशाला लागते हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. तुम्हीही आधी सांगू नका, त्या दोन गोलांपाशी पोरांना अडू द्या.

रांगोळीचं घर

कागदाच्या आधी जमीन घ्या. कागदावर चुकलं की खोडावं लागतं आणि खोडलं की पोरगं हिरमुसतं. रांगोळी हातानं पुसता येते.

सकाळी अंगणात सडा पडला, जमीन जरा सुकली, की बसायचं. आधी प्रत्येक खोली टाचेला पंजा लावून मोजायची आणि आकडे पाटीवर लिहायचे. स्वयंपाकघर लांबीला २० पावलं, रुंदीला १४, असं. मग एक माप ठरवायचं: घरातल्या एका पावलाला अंगणात चार बोटं. म्हणजे स्वयंपाकघराची लांबी ८० बोटं झाली. मोजायला कुणा एकाचीच बोटं घ्या आणि पावलंही एकाचीच. दोघांनी मिळून मोजलं, तर स्वयंपाकघर न्हाणीघरात घुसतं आणि भांडण लागतं.

भिंती रांगोळीनं, दाराच्या जागी मोकळं. चुलीच्या जागी कोळसा, देवघराला फूल, खाटेला चार तुरीच्या काड्या, सांदवाडीतल्या (परसातल्या) पेरूला एक पान. एवढं झालं की पोराला त्या रांगोळीतल्या दारातून आत चालत न्या आणि विचारा, "आता कुठं आलो आपण?" यात अर्धा तास सहज जातो, जाऊ द्या.

पोरांची साखळी

अंगणाबाहेर पडायचं तर मापाला दोरी हवी. आमच्या खात्यात ३३ फुटांची साखळी असायची. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. मोठ्या पोरांना हे सांगा, त्यांना घरी नेहमी ऐकू येणारे गुंठे आणि एकर पहिल्यांदा डोळ्यांना दिसतात. पण त्यांच्या साखळीसाठी १० मीटर बरे, हिशेब सोपा राहतो.

कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊ नका, ताणली की लांबते. सुतळी चालते, पण ओली झाली की आखडते, म्हणून पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. बांधकामावर सळया बांधायची बारीक तार मिळाली तर सगळ्यांत उत्तम. दोन्ही टोकं वळवून त्यात तुऱ्हाटीचे (तुरीच्या काड्यांचे) तुकडे मुठीसारखे अडकवा, हाताला लागत नाही. दर मीटरला चिंधी बांधा, पाचव्या मीटरला वेगळ्या रंगाची.

मग प्रत्येक पोरानं या १० मीटरवरून नेहमीच्या चालीनं चालायचं. ऐटीत नाही, शाळेत जाताना चालतो तसं. दोन-तीनदा चालून सरासरी घ्या. १० मीटरला १८ पावलं पडली तर एक पाऊल साधारण ५५ सेंटिमीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा, नावासकट. पुढच्या वर्षी पोरगं उंच होतं आणि आकडा बदलतो, म्हणून तारीखही घाला.

एक व्यवहाराची गोष्ट. साखळी घेऊन दुसऱ्याच्या धुऱ्यावर जाऊ नका. मी पोरांना घेऊन सहज नाल्याकडे निघालो होतो, तर शेजारच्या वावरातला गडी पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, धावत आला. "काहो, मोजणी आणली काय?" आमच्या भागात तार आणि वही घेतलेला माणूस दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. तेव्हा रस्ता, पांदण आणि आपलं वावर, एवढंच मोजा. आणि पोरांच्या नकाशावरून कुणाची हद्द ठरत नाही हे मोठ्यांनाही सांगून ठेवा. खऱ्या गट नंबरांचा नकाशा महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतो. तो पोरांना दाखवा, पण त्यांचा स्वतःचा झाल्यावर.

उत्तर कुठे

"सूर्य उगवतो ती पूर्व" हे पुस्तकात ठीक आहे. पण हिवाळ्यात तो पूर्वेच्या बराच उजवीकडे उगवतो आणि जूनमध्ये डावीकडे सरकतो. नकाशाला याहून पक्की दिशा हवी. त्यासाठी काठी पुरते.

अंगणात सपाट जागा बघा. टोंगळ्याएवढी, म्हणजे गुडघ्याएवढी, सरळ काठी रोवा. ती तिरपी नाही ना हे पाहायला सुतळीला गोटा बांधून ओळंबा करा. सकाळी साडेनऊ-दहाला सावलीच्या टोकावर खडा ठेवा. आता काठीच्या बुडाशी दोरी अडकवून, त्या खड्यापर्यंतचं अंतर धरून, जमिनीवर पूर्ण वर्तुळ ओढा. दुपारपर्यंत सावली आखडत जाते, मग पुन्हा वाढू लागते. दुपारी तिचं टोक वर्तुळाच्या रेघेला परत शिवेल, तिथं दुसरा खडा ठेवा. दोन खड्यांना जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहा, डाव्या हाताला उत्तर.

काठीकडून उत्तर शोधायला जाऊ नका, डाव्या हाताचीच खूण धरा. कारण आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली बुडाशीच गुडूप होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. पोरांना ही सावली नाहीशी होण्याची गंमत जरूर दाखवा. घड्याळात बाराच्या ठोक्याला नाही होत ती. आपण भारतीय वेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला आहोत, म्हणून सव्वाबाराच्या आसपास बघा. आणि मेच्या उन्हात पोरांना बाहेर बसवू नका. खडे तुम्ही ठेवा, डोक्याला दुपट्टा बांधून. पोरं छपरीतून ओरडून सांगतील सावली कुठं आली ते.

रात्री खातरजमा करायची असेल तर ध्रुवतारा. हात सरळ लांब करून क्षितिजावर एक मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी. मोठ्या माणसाच्या दोन मुठींएवढ्या उंचीवर, अंगणातल्या उत्तरेच्या रेघेच्या रोखानं, मध्यम तेजाचा एकटा तारा दिसतो. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर, म्हणून तोही तेवढाच वर. मोबाईलमध्ये होकायंत्र असतं, पण लोखंडी खाटेजवळ किंवा ट्रॅक्टरशेजारी ते खुशाल खोटं बोलतं.

मोजणीची वही

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक जण हाच गाळतात. थेट कागदावर गाव काढायला बसलं, की मारुतीचा पार शाळेपेक्षा मोठा होतो आणि निम्मं गाव कागदाबाहेर जातं. आधी वही, मग नकाशा.

वहीच्या पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत दोन उभ्या रेघा मारा, बोटभर अंतरानं. हा झाला तुमचा रस्ता. लिहायला पानाच्या खालून सुरुवात करायची आणि वर वर जायचं, कारण चालताना पुढचं समोर असतं, म्हणजे वहीतही वरच. खाली लिहा "मारुतीचा पार, ०". एक पोरगं पावलं मोजत चालेल, दुसरं लिहील, तिसरं दोन्ही बाजू बघेल. ३५ पावलांवर डावीकडे हापसी आली, तर दोन रेघांच्या मध्ये ३५ आणि रेघेच्या डावीकडे "हापसी". ती रस्त्यापासून आत असेल तर काटकोनात किती पावलं आत, तेही. ६० वर उजवीकडे किराणा दुकान. ८८ वर विजेची डीपी. ११० वर बुद्धविहाराकडे जाणारी गल्ली. अशी पानं भरत जायची. मोजणी करताना आम्हीही असंच लिहायचो, हा काही पोरांसाठी केलेला खेळ नाही.

मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम. दर १०० पावलांना त्यानं खिशात एक चिंचोका टाकायचा, म्हणजे मध्येच कुत्रं आलं तरी हिशेब राहतो. वेळ सकाळची, नऊच्या आत.

काय लिहायचं हे पोरांना ठरवू द्या. मोठ्या माणसाच्या नकाशात ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, दवाखाना येतो. आमच्या पोट्ट्यांच्या वहीत आलं: कैऱ्यांचं झाड, चावरं कुत्रं असलेलं घर, पतंग अडकलेली तार, क्रिकेटचा चेंडू परत न देणाऱ्या काकांचं फाटक. मी एकही खोडलं नाही. फक्त दोन गोष्टी माझ्याकडून सक्तीच्या: कठडा नसलेल्या विहिरी आणि उघड्या वायरी. त्यांना लाल.

पाटावरची मोजणी

दूरची एखादी वस्तू, समजा गावाबाहेरची पाण्याची टाकी, तिच्यापर्यंत न जाता नकाशावर बसवता येते. दहा वर्षांपुढच्या पोरांना हे करून दाखवा.

स्टुलावर पाट ठेवा, पाटावर कागद चिकटवा. मैदानात १०० मीटरवर दोन खुंट्या ठोका, मधलं सगळं मोकळं दिसेल असं. कागदावर त्या अंतराची १० सेंटिमीटरची रेघ काढा आणि टोकांना क आणि ख नावं द्या. स्टूल पहिल्या खुंटीवर न्या. पट्टी क-ख रेघेवर ठेवून तिच्या कडेनं एक डोळा मिटून बघा, आणि दुसरी खुंटी दिसेपर्यंत पाट फिरवा. आता पाट हलवू नका. पट्टीचं एक टोक क वर टेकवून ती टाकीकडे रोखा आणि रेघ ओढा. मग स्टूल दुसऱ्या खुंटीवर. पट्टी पुन्हा क-ख वर, या वेळी मागची पहिली खुंटी दिसेपर्यंत पाट फिरवायचा. ख वरून टाकीकडे रेघ. दोन्ही रेघा जिथं कापतील तिथं टाकी. कागदावर क पासून तिथपर्यंत पट्टीनं मोजा, एका सेंटिमीटरचे १० मीटर धरा आणि मग खरोखर चालत जाऊन पावलांनी ताडून बघा. दोन रेघा एकमेकींना फारच निमुळत्या कापत असतील तर खुंट्या आणखी लांब घ्या, नाही तर टाकी बरीच मागेपुढे सरकते.

हे चाललं असताना मी पोट्ट्यांना लॅम्बटनची गोष्ट सांगतो. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासला जमिनीवर एक रेघ मोजून काढली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं. तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र आदळून वाकडं झालं, तर यानं ते स्वतः बसून सरळ केलं. तो नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी वारला, तो आमच्या हिंगणघाटात. कबर तिथंच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं आणि डोंगराला नाव त्याचं लागलं. धाकट्यानं विचारलं, "मंग याच्या नावाचा डोंगर काहून नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तालुक्याच्या गावाला जाल तेव्हा पोरांना ती कबर दाखवा, एवढं सांगतो.

कागदावर

गेल्या वर्षीच्या मोठ्या कॅलेंडरची कोरी पाठ सगळ्यांत चांगली. पट्टीनं फिकट पेन्सिलीनं एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखा. आमचं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चारेकशे मीटर, म्हणून १ सेंटिमीटरला १० मीटर हे माप जमतं. तुमचं मोठं असेल तर २० घ्या. पारापासून शाळा ४३० पावलं असेल, तर ५५ सेंटिमीटरच्या पावलानं ते २३६ मीटर झाले, म्हणजे कागदावर साडेतेवीस सेंटिमीटरहून जरासं जास्त. हे गुणाकार पोरं कुरकुर न करता करतात, कारण शाळा कागदाबाहेर जाईल अशी भीती असते.

आधी मुख्य रस्ता, मग गल्ल्या, मग घरं. घरं सगळी काढू नका, ओळ दाखवा. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली माप, आणि चौकटीत खुणांची सूची. खाली तारीख आणि मोजणाऱ्यांची नावं. सगळं झाल्यावर मोबाईलवर उपग्रहाचा फोटो उघडून शेजारी ठेवा. आधी उघडला तर पोरं तोच गिरवतात.

रंग आणि खुणा

सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत रंगांचे ठरलेले अर्थ असतात: पाणी निळं, झाडी हिरवी, शेती पिवळी, वस्ती आणि रस्ते लाल. त्यात एक बारकावा मला फार आवडतो. पाणी असलेला ओढा निळा आणि कोरडा ओढा काळा. आमचा नाला श्रावणात वणा नदीकडे फुगून धावतो आणि मेमध्ये त्यात पोरं क्रिकेट खेळतात. मग रंग कोणता? यावर छपरीत दोन तट पडले. शेवटी असं केलं: कागदावर नाला काळा, आणि वर पुस्तकांना घालतात त्या पारदर्शक कव्हरचा तुकडा एका कडेला चिकटवला. त्या कव्हरवर निळ्या मार्करनं पावसाळ्यातला नाला, साचणारी डबकी, बंद होणारी पांदण. कव्हर खाली पाडलं की पावसाळा, उचललं की उन्हाळा. असंच दुसरं कव्हर पिकांचं करता येतं. खरिपात कुठं कापूस, कुठं तूर, कुठं सोयाबीन, आणि रब्बीत कुठं हरभरा-गहू.

घरचे रंग करायचे असतील तर हळद पाण्यात कालवून पिवळा. त्यातच खायच्या चुन्याची निवळी घातली की लालभडक होतो. पोरांना हा चमत्कार वाटतो, पण चुना तुम्हीच हाताळा, डोळ्यात जाऊ देऊ नका. गेरूचा तपकिरी, कोळशाचा काळा, कपड्यांच्या निळीचा निळा. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा फुलं वाळवून ठेवली, तर ती उकळून केशरी पाणी मिळतं. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा तो नकाशा खिडकीसमोर टांगू नका. हिरवा मात्र पेटीतलाच घ्या, पानांचा रस लवकरच तपकिरी पडतो.

वावरांत खरी माती लावायची असेल तर काळी माती चाळून, डिंकाच्या पाण्यात कालवून, अगदी पातळ थर द्या. जाड लावली की वाळताना तडकते, वावरातल्यासारखीच. थोडी बारीक रेती मिसळली की तडे कमी. तूर, सोयाबीन, हरभऱ्याचे दाणे चिकटवून पिकं दाखवायची हौस सगळ्यांना असते. एका रात्रीत उंदीर पीक उचलतात. हौसच असेल तर वाळलेली सालं, कापसाचा बोळा आणि पऱ्हाटीच्या बारीक काड्या चिकटवा. चिकटवायला मैद्याची खळ किंवा बाभळीचा डिंक. जुने लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, पोरांच्या हातात नको.

लगद्याचा विदर्भ

गाव झालं की पोरं मोठ्याची मागणी करतात, आणि आता ती पुरवायला हरकत नाही. आमच्या घरी हे खातं आजीचं. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करणारा तिचा हात, तोच लगदा इथं.

रद्दी फाडून रात्रभर भिजवा, मग उखळात कुटून पाणी पिळून काढा. मेथी दळून तिचं पीठ मिसळा, चिकटपणा येतो. लगदा भाकरीच्या पिठाइतका घट्ट हवा. खाली ५५ बाय ४० सेंटिमीटरची फळी घ्या. विदर्भ पूर्व-पश्चिम ५०० किलोमीटरच्या वर पसरलाय, तेव्हा १ सेंटिमीटरला १० किलोमीटर धरलं की ११ जिल्हे नेमके बसतात. हद्द छापील नकाशावरून चौकटी मोठ्या करून उतरवा.

मग खरी गंमत. मेळघाटातलं वैराट ११७८ मीटर उंच. या मापानं ते फळीवर जेमतेम एक मिलिमीटर येतं. पोरं म्हणतात, "एवढासा डोंगर?" म्हणून उंची वेगळ्या मापानं घ्यायची, वीस पट वाढवून, आणि तसं सूचीत लिहायचं. उत्तरेला सातपुडा, त्याच्या दक्षिणेला पूर्णेचं सपाट खोरं, खाली अजिंठ्याच्या रांगा. वर्धा आणि वैनगंगा ओल्या लगद्यात काडीनं कोरा. या दोन्ही नद्या खाली गडचिरोलीच्या हद्दीवर मिळतात आणि तिथून प्राणहिता होऊन गोदावरीला जातात, हे बोट फिरवून पोरांना कळतं. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरचं, म्हणजे फळीवर दोन मिलिमीटरसुद्धा नाही. माचिसच्या काडीच्या टोकानं एक टोचा पुरे. कुणी अंगठा दाबला तर अर्धा बुलडाणा जिल्हा खड्ड्यात जातो.

वाळवायचं सावलीत. आमच्या उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी कडक होतो आणि कडा उचलतात. बोट दाबून आत ओल नाही असं कळलं, की मगच रंग.

नकाशा चालतो का

नकाशा चांगला झाला की नाही, हे बघायला पाहुण्यांना दाखवून उपयोग नाही, पाहुणे छानच म्हणतात. गावात नवीन आलेल्या एखाद्या पोराच्या हाती तो द्या. गुळाच्या ढेपेचा तुकडा डब्यात घालून कुठंतरी लपवा आणि नकाशावर फुली मारा. करणाऱ्या पोरांनी गप्प मागून चालायचं, बोट दाखवायचं नाही. ते नवीन पोरगं जिथं अडेल तिथं नकाशात काहीतरी कमी आहे. तिथं नवीन खूण घाला आणि पुन्हा कुणाला तरी पाठवा.

माझ्या मते गावच्या नकाशाचा खरा उपयोग तान्ह्या पोळ्याला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे बैलामागची भेट, मागत फिरतात. कुठून निघायचं, कुठल्या गल्लीत चिखल, कुठं पांदणीनं परत यायचं, हे आदल्या रात्री नकाशावर ठरवायचं. त्यासाठी मूळ नकाशाच्या झेरॉक्स काढून ठेवा. झेरॉक्समध्ये रंग जातात, म्हणून मूळ नकाशातच रंगाबरोबर ठिपके आणि आडव्या-तिरप्या रेघाही घालाव्यात. कठडा नसलेल्या विहिरीला लाल रंगाशिवाय मोठी काळी फुलीही हवी. झेरॉक्सवर मग पोरं आपल्या खुणा करतात: कुणाकडे पैसे, कुणाकडे चॉकलेट, कुणाकडे नुसताच बैलाला टिळा. कंजूष घरासाठी त्यांनी जी खूण शोधली आहे ती इथं सांगण्यासारखी नाही. ती प्रत पोट्ट्यांजवळच राहू द्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला रंगीत मूळ नकाशा द्या.